पत्र्याखालचा मांडव

त्या वर्षी दिबोराने मांडव घातला नाही, आणि घातला नाही हे कुणाला सांगितलंही नाही.

बत्तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. किप्पूरचा, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास सुटला की दुसऱ्या दिवशी सकाळी आंबिवलीच्या तिच्या खोलीपुढच्या अंगणात पहिला बांबू रोवला जायचा. सासरे रूबेनजी होते तोवर ते रोवायचे, ते गेल्यावर नवरा एझ्रा. यंदाही एझ्राने पहार बाहेर काढली आणि विचारलं, "दरवर्षीच्याच जागी ना?"

दिबोरा तांदूळ निवडत होती. "कुणासाठी?" ती म्हणाली.

एझ्राने पहार परत पलंगाखाली सारली. एझ्रा झिराडकर माणूसच तसा होता. बायकोच्या एका शब्दात त्याला पानभर मजकूर ऐकू यायचा आणि तो ऐकून झाला की तो गप्प बसायचा.

प्रश्न मात्र खोटा नव्हता. जिच्यासाठी मांडव घातला जायचा ती दिबोराची सासू मिलकाबाई ज्यूंच्या नव्या वर्षाच्या सणापासून, म्हणजे किप्पूरच्या दहा दिवस आधीपासून, ठाण्याला होती. धाकटा दीर नाथान पंचवीस वर्षं इस्रायलात, अश्दोदला काढून बायकोसकट परत आला, चरईत सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि महिना व्हायच्या आत आईला घेऊन गेला. "आता थोडे दिवस आमच्याकडे," म्हणाला. थोडे म्हणजे किती, ते कुणीच बोललं नाही. मग धाकट्या जावेचा, अबिगेलचा, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. यंदा सुक्कोथचा मांडव आमच्या टेरेसवर, सगळ्यांनी सोमवारी पाच वाजता यायचं, आणि शेवटी जोडलेले हात. दिबोराने तो अकरा वेळा वाचला. ज्या सणाला ती आजवर इतरांना बोलवत आली, त्याचं आता तिला आमंत्रण आलं होतं.

सोमवारी ती गेली. न जाऊन सांगणार काय? पहाटे उठून तिने नारळाच्या दुधातली सांदणं केली, डब्यात भरली, नवी अंजिरी साडी नेसली आणि एझ्राला म्हणाली, "जेवायचं आणि निघायचं. राहायला सांगितलं तरी राहायचं नाही."

"बरं," एझ्रा म्हणाला.

*

टेरेसवर पाऊल टाकताच दिबोराने डबा छातीशी धरला आणि सगळीकडे नजर फिरवली.

टेरेस दोन भागांत होती. अर्धी उघडी, आणि अर्ध्यावर सोसायटीने गळतीसाठी टाकलेली पत्र्याची उंच शेड. उघड्या भागात सोसायटीची माणसं चटया अंथरत होती, कारण त्याच रात्री कोजागिरी होती. सुक्कोथही पौर्णिमेलाच लागतो, आणि काही वर्षं ह्या दोन पौर्णिमा अशा एकाच दिवशी येतात. शेडच्या भागात झिराडकरांचा मांडव उभा होता. स्टीलच्या पाइपांचा सांगाडा, बाजूंना पांढरं कापड, वर ताज्या हिरव्या झावळ्या, आत लांब टेबल आणि बारा खुर्च्या. एका पेटीत अश्दोदहून आणलेला एथ्रोग, प्रार्थनेत हातात धरायचं लिंबासारखं फळ, मऊ धाग्यांत निजवलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हातात धरायच्या खजुराच्या कोवळ्या पात्या फ्रीजमध्ये आहेत, असं नाथानने येता येताच सांगून टाकलं.

पण दिबोराला खुपलं ते निराळंच. मध्यभागी झावळ्यांना एक महाळुंग टांगलं होतं. त्याच्या चारी बाजूंना कच्च्या पपया, मग मक्याची कणसं, मग रंगीत कागदाच्या साखळ्या, आणि साखळ्यांचा रंगसुद्धा एक पिवळी, एक हिरवी. ही मांडणी तिची होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने ती केली आणि रूबेनजींनी भर मांडवात तिचं कौतुक केलं होतं. सासू नेली ती नेली, वर महाळुंगाची जागाही सोडली नाही.

साखळ्या चिकटवायला स्टुलावर चढली होती ती याएल, म्हणजे दिबोराची स्वतःची मुलगी. ऐरोलीच्या ऑफिसात कामाला असलेल्या ह्या पोरीला आंबिवलीला साधं बटण शिवायला वेळ नसायचा.

"मम्मी, कसं दिसतंय?" याएल वरून म्हणाली. "चाची आणि मी दोन दिवस खपलोय."

"दोन दिवस? सुट्टी टाकलीस?"

"वर्क फ्रॉम होम गं."

"चांगलंय. आमच्या होमला नेटवर्क नसतं, नाही का," दिबोरा म्हणाली आणि डबा टेबलावर जरा आपटूनच ठेवला.

अबिगेल हात पुसत आली. पन्नाशीची, केस कापलेले, बोलणं मात्र पंचवीस वर्षांपूर्वी ठाणं सोडलं तेव्हाचंच, जपून ठेवलेलं. "या ना वहिनी. तुमची वाटच पाहत होते. सांदणं आणलीत? आई सकाळपासून म्हणतायत, दिबोरा सांदणं आणेल."

"आणली. तुझ्याकडे चालत असतील तर ठेव."

अबिगेलचा चेहरा क्षणभर पडला. तिने डबा उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला.

तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी रवींद्र भोईर दुधाचं मोठं पातेलं सांभाळत आला. "नमस्कार काकू. तुमचा मांडव झाला का? आमचा पन चंद्र येतोच हाय. ताईंनी आधी उघडी बाजू मागितलेली, पन कोजागिरीचं बुकिंग सहा महिन्यांपूर्वीच झालेलं ना. म्हटलं शेडखाली घ्या, पाऊस आला तरी फिकीर नाय."

"उपकार झाले," दिबोरा सहज म्हणाली, आणि जुन्या सवयीने तिची नजर वर गेली.

झिराडकरांच्या घरात एक रीत होती, आणि ती रूबेनजींनी घातली होती. सण मावळतीला लागतो, बायका दिवे लावतात, पण किद्दुशचा, म्हणजे सणाच्या प्रार्थनेचा, पेला उचलायचा तो आभाळात तीन चांदण्या दिसल्यावर. आणि त्या चांदण्या मांडवात बसून, झावळ्यांच्या फटीतून, घरच्या थोरल्या सुनेने बघायच्या. तिने "तीन" म्हटलं की मगच मनुकांच्या सरबतावर ब्राखा, म्हणजे देवाचे आभार, म्हणायची. बत्तीस वर्षं तो मान दिबोराचा होता. म्हणून मांडवात शिरली की ती आधी वर बघायची, कुठली फट बरी आहे ते हेरून ठेवायला.

ह्या मांडवातही फटी होत्या. फटींतून जे दिसलं ते आभाळ नव्हतं. करडा, पन्हळीदार पत्रा होता.

दिबोरा बघतच राहिली. तिला रूबेनजींचा आवाज आठवला. दरवर्षी पहिला बांबू रोवताना ते पोराबाळांना तेच सांगायचे: आपले बापजादे चाळीस वर्षं रानात अशा खोपटांत राहिले. त्याची आठवण म्हणून आठ दिवस पक्क्या छपराचा भरवसा सोडायचा. वर तोडलेल्या झावळ्या, झावळ्यांच्या वर आभाळ, मध्ये काही नाही. झाड असलं तर मांडव बाद, गच्ची असली तर बाद, पत्रा असला तर बाद.

म्हणजे हा स्टीलचा, बारा खुर्च्यांचा, माझं महाळुंग टांगलेला मांडव मांडवच नाही. साधी शेड आहे ती, आणि शेडखाली थोडा पाला.

सांगायला नको, पण दिबोराला आनंद झाला. इतका की तिला स्वतःचीच लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही. तिने घड्याळ पाहिलं. सव्वापाच. सहाला दिवे. त्याच्या आत मांडव हलवता येतो. सांगाडा हलका आहे, चार माणसं उचलतील. पाण्याच्या टाकीजवळचा उघडा कोपरा रिकामा आहे, रवींद्र नाही म्हणणार नाही. एकदा सण लागला की काही उभारायचं नाही आणि उचलायचं नाही. पाऊण तास आहे हातात.

तिने पदर सावरला आणि खुर्चीवर बसली.

*

एझ्राच्याही लक्षात आलं. तो मांडवात शिरला, मान वर केली, मग मान खाली करून बायकोकडे पाहिलं आणि तिच्या शेजारी येऊन बसला.

"वर बघितलंस?" तो हळूच म्हणाला.

"बघितलं."

"मग सांग ना."

"ज्यांचा मांडव त्यांनी बघावं. पंचवीस वर्षं इस्रायलला राहिलीत माणसं. त्यांना आंबिवलीच्या बाईने शिकवायचं?"

"दिबो, आई ब्राखा म्हणेल. त्या ब्राखेत मांडवात बसल्याबद्दल देवाचं नाव घ्यायचंय. मांडव नसताना?"

"आईंना आणलं कुणी इथे?"

एझ्राने खिशातला रुमाल काढून परत खिशात ठेवला. "मग मी सांगतो."

"सांग. मी लगेच खाली उतरते. आंबिवलीला एकटी जाईन."

एझ्रा बसला. हे बरोबर नाही हे त्याला कळत होतं, आणि आपण उठणार नाही हेही कळत होतं.

साडेपाचला नाथानने आईला व्हीलचेअरवरून वर आणलं. मिलकाबाई चौऱ्याऐंशीच्या. गुडघे गेलेले. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली तरी लांबचं दिसत नव्हतं. त्यांनी अबिगेलने आणलेला इस्रायली गाऊन घातला होता, निळा, गळ्याशी चंदेरी काम. दिबोराने त्या गाऊनकडे एकदा पाहून घेतलं.

"दिबोरा आली का?" मिलकाबाई म्हणाल्या.

"आलेय आई."

"इकडे ये. हात दे." त्यांनी तिचा हात धरला, बोटांनी बांगड्या चाचपल्या. "वाळलीस. जेवतेस ना?"

"जेवते की. दोघांचा स्वयंपाक म्हणजे काय, चिमूटभर."

"मांडव कसा झालाय गं? मला नुसतं हिरवं हिरवं दिसतंय."

आता सांगायचं होतं. पाच-छत्तीस झाले होते. दिबोराच्या ओठांवर आलंही. पण त्याच वेळी अबिगेल मागून आली, सासूच्या पाठीमागे उशी सरकवली आणि म्हणाली, "आई, पाठ दुखतेय ना, थांबा, अशी. आता बरं?" मिलकाबाई म्हणाल्या, "हो गं बाई. हिला न सांगता कळतं."

न सांगता कळतं. बत्तीस वर्षं त्या पाठीला रात्री तेल कुणी लावलं होतं?

"छान झालाय आई," दिबोरा म्हणाली. "काही म्हणजे काही कमी नाही."

शेजारी एझ्राने डोळे मिटले.

*

पावणेसहाला अबिगेल तिच्याजवळ येऊन बसली. हातात फोन. जरा चाचरतच म्हणाली, "वहिनी, एक दाखवू? हसू नका."

फोनवर दिबोराचाच मांडव होता. आंबिवलीचा. मग आणखी एक, आणखी एक. २०११, २०१४, त्या लॉकडाउनचं वर्ष. एझ्रा दरवर्षी भावाला पाठवायचा ते फोटो. प्रत्येकात मिलकाबाई मधल्या खुर्चीवर, डोक्यावर महाळुंग, शेजारी दिबोरा.

"हे सगळे मी जपून ठेवलेत," अबिगेल म्हणाली. "अश्दोदला आमची बिल्डिंग एवढी मोठी, सगळ्यांचे मांडव बाल्कन्यांत. देखणे. पण मी तुमचा फोटो यायची वाट बघायचे. आणि आला की दोन दिवस माझं कशात मन लागायचं नाही. खरं सांगू? जळायचे मी तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"नाहीतर काय. आई तुमच्याकडे. सगळे मोठे सण तुमच्याकडे. चांदण्या तुम्ही सांगायच्या. सण सरला की नाथान फोन करून विचारायचा, वहिनीने तीन म्हटलं का रे? आणि मी ताटं धूत बसलेली. म्हटलं, एकदा तरी माझ्या मांडवात ह्या सगळ्यांना बसवायचं. आणि करायचा तर अगदी तुमच्यासारखा. बघा ना, पपया मोजून टांगल्यात. तुमच्या आठ, माझ्या आठ."

दिबोराने फोटोत पाहिलं. आठच होत्या.

"आधी जरा धाकधूक होती," अबिगेल म्हणाली. "शेडखाली चालेल का असं मनात आलेलं. अश्दोदला असं कुणी करत नाही. नाथानला विचारलं तर म्हणाला, वहिनी करते तसं कर, मांडवातलं मला काय कळतंय. मग तुमचे फोटो काढून पाहिले तर तुमच्याही मांडवावर पत्रा आहे. हा बघा, वर. म्हटलं, सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेली बाई, बत्तीस वर्षं करतेय, ती चुकणार आहे का? मग निर्धास्त झाले."

फोटोच्या वरच्या कडेला खरंच पत्रा होता. दिबोराच्या पडवीचा. एझ्रा दरवर्षी पडवीत उभा राहून फोटो काढायचा, त्यामुळे पडवीच्या पत्र्याची कड फोटोत यायची आणि मांडवावर टेकल्यासारखी दिसायची. मांडव असायचा पडवीपासून चांगला हातभर पुढे, उघड्या अंगणात. तो हातभर रूबेनजी दरवर्षी काठीने मोजून घ्यायचे. फोटोत मोजमाप येत नाही.

 ज्या चुकीचा दिबोराला आनंद झाला होता ती चूक तिच्याच अंगणातून आली होती, तिच्यावरच्या विश्वासाने आली होती.

"अबिगेल," ती म्हणाली.

"काय वहिनी?"

पाच-बावन्न. अजूनही झालं असतं. पण आता सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की मला सव्वापाचपासून माहीत होतं. तू साखळ्या लावत होतीस, आईंना उशी देत होतीस, आणि मी बसून बघत होते. ते तोंडातून निघेना.

"काही नाही. दिवे कुठे लावायचे?"

अबिगेल हसली. "तुम्ही थोरल्या. तुम्ही सांगाल तिथे."

सहा वाजून चार मिनिटांनी दोघी जावांनी आणि याएलने डोक्यावर पदर आणि ओढणी घेऊन दिवे लावले. दिबोराने डोळ्यांवर हात धरले आणि नेहमीपेक्षा बराच वेळ धरून ठेवले. हात काढले तेव्हा सूर्य पश्चिमेकडच्या बिल्डिंगांमागे गेला होता. सण लागला होता.

*

नाथानने सरबताचा पेला भरला. सगळे बसले. पलीकडे उघड्या बाजूला रवींद्रच्या आईने, हौसाबाईंनी, चंद्र आल्याची वर्दी दिली आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. झिराडकर मात्र अंधार दाट व्हायची वाट बघत बसले. याएलने लावलेल्या साखळ्या वाऱ्यावर हलत होत्या. वर पत्र्यावर कबुतरं फिरत होती.

"दिबोरा," मिलकाबाई म्हणाल्या, "झाला का अंधार?"

"झाला आई."

"मग बघ. चांदण्या दिसतात का सांग."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. नाथान पेला हातात घेऊन उभा होता. अबिगेल हात मांडीवर घेऊन बसली होती, पंचवीस वर्षं ज्या एका शब्दाबद्दल फोनवर ऐकलं तो शब्द आज कानांनी ऐकायला.

दिबोराने मान वर केली नाही. "तीन" म्हणायला काय लागत होतं? म्हातारीला दिसत नव्हतं. धाकटीला कळत नव्हतं. एझ्रा बोलणार नव्हता. एक शब्द, आणि सण पार पडला असता.

"दिसत नाहीत आई," ती म्हणाली. "दिसणारही नाहीत. वर पत्रा आहे."

"कसला पत्रा?"

"शेडचा. मांडव शेडखाली आहे. बाद आहे हा मांडव." मग तिने श्वास घेतला. "मला आल्या आल्या दिसलं होतं. तेव्हा हलवता आला असता. मी मुद्दाम बोलले नाही."

 नाथानने पेला टेबलावर ठेवला.

"वहिनी, तासभर बसून होतात तुम्ही इथे. तासभर. हिने दहा दिवस मर मर केली."

"नाथान," एझ्रा म्हणाला, "मलाही दिसलं होतं. मला पण धर त्यात."

"वा. म्हणजे नवराबायको दोघं."

"पप्पा?" याएल म्हणाली आणि आईकडे अशा नजरेने पाहिलं की दिबोराला शिव्या परवडल्या असत्या.

 अबिगेल उठली, मांडवाबाहेर गेली, पत्र्याकडे पाहिलं. परत आली. "पण फोटोत..." ती म्हणाली.

"ती आमची पडवी," दिबोरा म्हणाली. "मांडव पडवीच्या पुढे असतो. फोटोत कळत नाही. तुझी चूक नाही गं. माझ्या फोटोवर भरवसा ठेवलास."

अबिगेल खुर्चीत बसली आणि रडायला लागली, आवाज न करता. गडबड पाहून रवींद्र जवळ आला. काय झालं ते कळल्यावर म्हणाला, "एवढंच ना? आमी चार पोरं मांडव उचलून टाकीजवळ ठेवतो, तुमी हात पन लावू नका."

"नको रे बाळा," मिलकाबाई म्हणाल्या. "सण लागला. आता आम्ही करायचं नाही आणि आमच्यासाठी दुसऱ्याला करायला लावायचंही नाही." त्या खुर्चीत सरळ झाल्या. "रडू नकोस अबिगेल. ब्राखा अजून म्हटलेली नाही. देवाचं नाव फुकट गेलेलं नाही, तेवढं दिबोराने राखलं. सिनेगॉगचा मांडव दहा मिनिटांवर आहे. सांदणं घ्या, मटण घ्या, चला."

"आई, तुझे गुडघे," नाथान म्हणाला.

"गुडघे माझे आहेत. चाकं तुझी आहेत. चल."

सणात झिराडकर विजेला हात लावत नसत, म्हणून खाली उतरताना लिफ्टचं बटण रवींद्रने न सांगताच दाबलं. सणाचे दिवे विझवायचे नसतात, तेव्हा त्यांच्याजवळ बसायचं काम हौसाबाईंनी घेतलं.

*

व्हीलचेअर दिबोराने ढकलली. कुणी तिला ढकल म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. नाथान आणि अबिगेल पुढे, मागे एझ्रा आणि याएल पातेली धरून. टेंभी नाक्याकडे देवीचा मंडप उतरवत होते, रस्त्याच्या कडेला वासे रचून ठेवले होते. त्यांच्यामधून खुर्ची नेताना वेग कमी करावा लागला.

"का गप्प बसलीस?" मिलकाबाईंनी मान न वळवता विचारलं.

"जळत होते."

"अबिगेलवर?"

"तिच्यावर. तुमच्यावरही. तुम्ही बॅग भरलीत आणि गेलात. मागे वळून पाहिलं नाहीत."

मिलकाबाईंनी गाऊनची बाही सारखी केली. मग म्हणाल्या, "नाथानने विचारलं, येतेस का म्हणून. तू उंबऱ्यात उभी होतीस. मी वाट बघत होते, ही म्हणेल, आई, जाऊ नका. तू माझी औषधं पिशवीत भरलीस आणि कुठली कधी घ्यायची ते कागदावर लिहून दिलंस."

दिबोराला तो कागद आठवला. त्यावर लाल पेनाने खुणाही केल्या होत्या. "मला वाटलं, हे विचारावं लागत नाही," ती म्हणाली.

"मलाही वाटलं होतं, विचारावं लागणार नाही," मिलकाबाई म्हणाल्या. "खड्डा आहे पुढे, सांभाळ."

सिनेगॉगच्या आवारात मांडव होता, जुन्या बांबूंचा, कडेने माणसं जेवून पांगत चाललेली. झावळ्या दोन दिवसांपूर्वीच्या, जरा करपलेल्या. फळं आणि कणसं आखूड दोऱ्यांना वेडीवाकडी टांगलेली. ओळखीच्या दोन बायकांनी सरकून बाक मोकळं केलं. वर मध्ये काही नव्हतं. झावळ्या आणि आभाळ.

मिलकाबाईंची खुर्ची टेबलाशी लावली. नाथानने सरबत पुन्हा ओतलं. तो दिबोराकडे बघत नव्हता. अबिगेलने सांदणांचा डबा उघडून मधोमध ठेवला, मघासारखाच.

"बघा आता," मिलकाबाई म्हणाल्या. नाव त्यांनी घेतलं नाही.

दिबोरा उभी राहिली. बत्तीस वर्षं ती ह्याच क्षणाला उभी राहत आली होती. मग तिने बाकाच्या पलीकडे हात केला. "अबिगेल बघेल आई."

अबिगेल दचकली. "नको वहिनी. मला सवय नाही."

"सवय काय करायचीय? मान वर करायची. पौर्णिमा आहे, चंद्राकडे बघू नकोस, डोळे दिपतात. त्या बाजूच्या फटीतून बघ."

अबिगेलने एकदा सासूकडे पाहिलं, एकदा नाथानकडे. मग ती दिबोराच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि मान वर केली. चंद्राच्या उजेडात आणि रस्त्यावरच्या दिव्यांत आभाळ दुधाळ झालं होतं. बराच वेळ गेला.

"एक," ती म्हणाली.

याएल पुढे सरकली. एझ्राने पातेल्यावरचं झाकण नीट केलं.

"दोन. ती बघा, कणसाच्या वर."

"दोन," मिलकाबाई म्हणाल्या. "आणि?"

अबिगेल शोधत राहिली. ढग आला आणि गेला. नाथान पेला धरून धरून कंटाळला तरी खाली ठेवेना. दिबोराही तिच्याबरोबर वर बघत होती, खांद्याला खांदा लावून. बत्तीस वर्षांच्या सवयीने तिचा डोळा फटीफटीतून फिरला आणि झावळीच्या करपलेल्या टोकाशी येऊन थांबला.

तिसरी तिथे होती. बारीक, पण पक्की.

आणि दिबोरा, त्या दिवसात दुसऱ्यांदा, बघूनही काही बोलली नाही.